दातात भरलेलं ‘लाईटवालं सिमेंट’ निळ्या उजेडात घट्ट कसं होतं, आणि कधीकधी लवकर का पडतं?

कीड लागलेली दाढ साफ झाली की डॉक्टर त्या खड्ड्यात दाताच्याच रंगाचा मऊ लगदा भरतात. मग पिस्तुलासारखं किंवा जाड पेनासारखं एक यंत्र तोंडात येतं, निळा उजेड पडतो, बीप वाजतो आणि वीस सेकंदांत त्या लगद्याचा दगड होतो. सक्करदऱ्यातल्या गल्लीतल्या छोट्या दवाखान्यापासून मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयापर्यंत आता ही नेहमीची पद्धत झाली आहे. तरीही एकाच मोहल्ल्यात एक जण सांगतो, ‘माझी फिलिंग दहा वर्षं झाली, हललीसुद्धा नाही’, आणि दुसरा म्हणतो, ‘सहा महिन्यांत पडली, पैसे पाण्यात’. दोघांच्या दातात मसाला कदाचित एकाच कंपनीचा असेल. फरक बहुतेक वेळा तो भरताना काय केलं आणि किती उजेड दिला यात असतो. तो फरक समजून घेऊ.

आधी ‘सिमेंट’ म्हणजे कोणतं ते बघा

आपल्याकडे दातात काहीही पांढरं भरलं की त्याला सिमेंट म्हणतात. इथंच पहिला घोळ होतो, कारण पांढऱ्या रंगाचे दोन वेगळे पदार्थ दवाखान्यात असतात.

एक म्हणजे ग्लास आयोनोमर, म्हणजेच जीआयसी. विल्सन आणि केंट या ब्रिटिश संशोधकांनी १९७२ साली ते जगापुढे आणलं. पावडर आणि द्रव कालवून ते भरतात, आणि साधं जीआयसी उजेडाशिवाय आपोआप घट्ट होतं. ते दाताला स्वतःहून चिकटतं, थोडा ओलावा सहन करतं आणि थोडं थोडं फ्लोराईड सोडत राहतं. पण चावण्याच्या दाबाला ते कमजोर. लहान मुलांच्या दुधाच्या दातांना किंवा हिरडीलगतच्या खड्ड्यांना ते चांगलं.

दुसरं म्हणजे कंपोझिट. उजेडाने घट्ट होतं ते हे. (उजेडावर चालणारं जीआयसीही मिळतं, म्हणजे घोळ आणखी वाढला.) दाढेवर चावण्याचा मोठा भार असेल आणि बिलावर नुसतं ‘सिमेंट फिलिंग’ लिहिलेलं असेल, तर सरळ विचारा, ‘जीआयसी भरलं की कंपोझिट?’ दोन्हींची किंमत वेगळी, काम वेगळं आणि आयुष्यही वेगळं.

जुन्या पिढीच्या दाढांत दिसणारी ‘चांदी’ म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो. मजबुतीत ती वाईट नव्हती. पण पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी मिनामाता करार झाला, भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली, आणि युरोपीय संघाने तर २०२५ पासून दातातल्या अमाल्गमवर बहुतांशी बंदीच घातली. त्यामुळे पुढचा काळ कंपोझिटचा आहे, आणि म्हणूनच ते नीट भरलं जाणं महत्त्वाचं.

लगद्यात असतं काय?

वजनाने बघितलं तर बहुतेक कंपोझिटमध्ये सत्तर-ऐंशी टक्के बारीक दळलेली काच आणि सिलिका असते. उरलेला भाग चिकट रेझिनचा. अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचं रेझिन तयार केलं आणि १९६२ साली त्याचं पेटंट मिळालं. आजही अनेक कंपोझिटांचा पाया तोच आहे.

या रेझिनचे लहान लहान रेणू सुटे असतात, म्हणून लगदा मऊ राहतो. ते एकमेकांत गुंफून जाळं झालं की तो कडक होतो. ही गुंफण सुरू करायला ठिणगी लागते आणि ती देतो कॅम्फरक्विनोन. नावातच कापूर आहे! देवघरात आपण जाळतो त्या कापरापासूनच हे पिवळं रसायन बनवता येतं. लगद्यात ते सहसा एक टक्काही नसतं. निळा उजेड, त्यातही ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा, ते सगळ्यात जास्त शोषतं. मग सोबतच्या अमाईन रसायनाशी त्याची क्रिया होते, फ्री रॅडिकल तयार होतात आणि रेणूंची साखळी जुळत जाते. या क्रियेत कॅम्फरक्विनोनचा पिवळेपणाही कमी होतो. त्यामुळे भरताना पिवळसर वाटलेला रंग नंतर थोडा उजळतो.

खोलीतल्या साध्या दिव्यातही थोडा निळा उजेड असतोच. म्हणून कंपोझिटची सिरिंज काळ्या किंवा अपारदर्शक प्लास्टिकची असते आणि काढलेला लगदा डॉक्टर झाकून ठेवतात.

सुरुवातीच्या, १९७० च्या सुमाराच्या यंत्रांत अतिनील किरण वापरत. ते खोल जात नसत आणि डोळ्यांना-त्वचेलाही बरे नव्हते. पुढे दिसणाऱ्या निळ्या उजेडावर चालणारे मसाले आले आणि पंख्याचा घर्रघर्र आवाज करणाऱ्या हॅलोजन गन आल्या. आजची हलकी, बॅटरीवरची गन शक्य झाली ती निळ्या एलईडीमुळे. ज्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तोच हा एलईडी. तेव्हा तोंडातली ती गन लेझरही नाही आणि एक्स-रे तर मुळीच नाही. मात्र त्या उजेडाकडे टक लावून पाहू नका, तीव्र निळा उजेड डोळ्याच्या पडद्याला बरा नाही. नारिंगी चष्मा किंवा ढाल असते ती त्यासाठीच.

उजेडाचा हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. कंपोझिटला लागणारी ऊर्जा म्हणजे उजेडाची तीव्रता गुणिले वेळ. गन दर चौरस सेंटीमीटरला १००० मिलीवॅट देत असेल तर वीस सेकंदांत २० ज्यूल मिळाले. बऱ्याच कंपोझिटांच्या २ मिलिमीटर थराला साधारण १६ ज्यूल पुरेसे धरतात, म्हणजे काम झालं. पण तीच गन जुनी होऊन ४०० वर आली असेल तर वीस सेकंदांत मिळतात फक्त ८ ज्यूल. बीप तेव्हाही वाजतो. उजेड तेव्हाही तितकाच निळा दिसतो. डोळ्यांना ४०० आणि १००० मधला फरक ओळखू येत नाही, त्यासाठी रेडिओमीटर नावाचं छोटं मीटर लागतं. गनच्या टोकाला जुना मसाला चिकटलेला असेल किंवा टोकाचा टवका उडालेला असेल तरी उजेड घटतो.

शिवाय अंतर. टोक दाताला जवळजवळ टेकलेलं आणि सरळ हवं. दोन दाढांच्या मधला खोल खड्डा असेल तर त्याचा तळ टोकापासून सात-आठ मिलिमीटर दूर जातो, आणि काही गनचा उजेड तिथं पोचेपर्यंत निम्म्यावर येतो.

यातली फसगत अशी, की वरचा थर घट्ट होतोच. डॉक्टरांनी टोकदार अवजाराने खाजवून बघितलं तरी कडक लागतं. आत मात्र कच्चं. गोवरीत घातलेला रोडगा बाहेरून खरपूस आणि फोडला तर आत कच्चं पीठ निघावं, तसं. असा कच्चा तळ लवकर झिजतो, दातापासून सुटतो आणि कडेने पुन्हा कीड शिरते. म्हणून साधं कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरायचं आणि प्रत्येक थराला वेगळा उजेड द्यायचा, हा नियम. ‘बल्क-फिल’ प्रकारचं असेल तर ४ मिलिमीटरपर्यंत चालतं.

थर देण्याला आणखी एक कारण आहे. रेणू गुंफले की जवळ येतात आणि मसाला आकाराने दोन-तीन टक्के आक्रसतो. आकडा लहान वाटेल, पण मोठा गोळा एकदम घट्ट केला तर तो दाताच्या भिंती आत ओढतो किंवा कडेला केसाएवढी फट पाडतो. नवीन फिलिंगवर चावलं की कळ येते किंवा थंड पाणी लागतं, त्यामागे कधीकधी ही फट असते.

सगळ्यात मोठा शत्रू : थुंकी

कंपोझिट दाताला स्वतःहून चिकटत नाही. १९५५ साली मायकल बुओनोकोर यांनी दाखवून दिलं की फॉस्फोरिक ॲसिड लावलं तर इनॅमलवर सूक्ष्म खाचा पडतात आणि रेझिन त्यांत घट्ट रुतून बसतं. आज साधारण ३७ टक्क्यांचं ॲसिड जेल, बहुधा निळं, पंधरा ते तीस सेकंद लावून धुतात, मग बाँडिंगचा पातळ थर देऊन त्यालाही उजेड दाखवतात. ॲसिड लावल्यानंतर त्या जागेला थुंकी किंवा हिरडीचं रक्त लागलं की पकड बिघडते, पुढे कितीही महागडी गन वापरा.

म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेला रबराचा पडदा, हा खरा चांगला उपाय. तो नसेल तर कापसाच्या गुंडाळ्या आणि थुंकी ओढणारी नळी तरी हवी. मध्येच ‘चूळ भरा’ असं कुणी म्हणालं नाही तर नवल वाटू देऊ नका. तुम्हीही मध्ये तोंड मिटून थुंकी गिळू नका, हात वर करून सांगा.

नागपूरच्या दोन अडचणी

पहिली खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून बनलेल्या खर्ऱ्याने दात झिजतात आणि डाग पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. सुपारीमुळे गालाची आतली बाजू कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं, या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आता हिशेब लावा. तोंड दोन बोटंच उघडत असेल तर मागच्या दाढेवर गन सरळ धरणार कशी? उजेड तिरपा पडतो, एक बाजू सावलीत राहते आणि थुंकीही आवरत नाही. चपट्या, आडव्या डोक्याच्या गन मिळतात, त्यांचा उपयोग होतो. पण तोंड कमी उघडत असेल तर फिलिंगच्या आधी तेच डॉक्टरांना दाखवा, कारण या आजारातून पुढे कर्करोगाचाही धोका असतो.

दुसरी म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बरेच कंपोझिट २५ अंशांखाली ठेवावेत असं पाकिटावर छापलेलं असतं. बंद दवाखान्याच्या तापलेल्या कपाटात ठेवलेला मसाला मुदतीआधीच बिघडू शकतो. फ्रीज फक्त पाण्याच्या बाटल्यांसाठी नसतो!

भरून आल्यावर

उजेड देऊन झाल्यावर बराचसा घट्टपणा लगेच येतो आणि उरलेली क्रिया पुढचे चोवीस तास हळूहळू चालू राहते. तरी बधिरपणा उतरला की जेवायला हरकत नाही, नाहीतर गालच चावला जातो. पहिले एक-दोन दिवस मात्र तर्री पोहे आणि सावजीचा रस्सा लांब ठेवा, हळदीचा पिवळा रंग रेझिनमध्ये पटकन मुरतो.

चावताना नवीन फिलिंग आधी टेकते असं वाटलं तर ‘सवय होईल’ म्हणून बसू नका. परत जाऊन उंची घासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. थंड लागणं सहसा काही दिवसांत कमी होतं. पण रात्री झोपेतून उठवणारी ठणक किंवा गरम लागून बराच वेळ टिकणारी कळ असेल, तर कीड नसेपर्यंत पोचलेली असू शकते. तिथं फिलिंग बदलून भागत नाही, रूट कॅनल लागू शकतं.

खर्चाची अडचण असेल तर शासकीय दंत महाविद्यालय सक्करदऱ्याहून लांब नाही. तिथं खासगीपेक्षा पैसे कमी लागतात. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त जातो. सकाळी लवकर जा आणि जुने एक्स-रे असतील तर सोबत न्या.