विशेष वर्गाची जडणघडण

मुलांचे लहान गट आणि प्रत्येक मुलाकडे स्वतंत्र लक्ष ही प्राथमिक स्तरावरील विशेष शिक्षणाच्या वर्गाची आजची ओळख असली, तरी या पद्धतीचा उगम एका डॉक्टरने एकाच मुलासाठी केलेल्या प्रयत्नांत आहे. फ्रान्समधील आव्हेरोंच्या रानात सापडलेला एक मुलगा १८०० साली पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणला गेला, तेव्हा फिलिप पिनेल या ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञांनी त्याच्या सुधारणेची आशा सोडली होती. परंतु झां इतार या तरुण डॉक्टरांनी हा निर्णय न मानता त्याला सुमारे पाच वर्षे शिकवले. व्हिक्टर नावाने ओळखला गेलेला हा मुलगा बोलू लागला नाही. मात्र रंग आणि आकार जुळवणे, सुटी अक्षरे लावून शब्द तयार करणे आणि काही लिखित शब्दांचा अर्थ ओळखणे त्याला साधले.

इतारांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी या प्रयत्नांना पद्धतीचे रूप दिले. आधी स्नायूंना वळण, मग ज्ञानेंद्रियांना आणि त्यानंतर अमूर्त विचाराला, असा त्यांचा क्रम होता आणि तो त्यांनी १८४६ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी या दोघांच्या लेखनाचा बारकाईने अभ्यास करून १९०० पासून रोममधील एका संस्थेत, त्या काळी मंदबुद्धी म्हणून बाजूला सारलेल्या मुलांना शिकवले. तेथील एका मुलीला, वारंवार दाखवूनही, रफू करता येईना. तेव्हा माँटेसरींनी सुई बाजूला ठेवून तिला कागदी पट्ट्या खालून-वरून ओवून चटई विणायला दिली; हाताला ती हालचाल सरावाची झाल्यावर ती मुलगी रफूही करू लागली. अवघड कामातील हालचाली सुट्या करून आधी त्यांचा सराव द्यायचा, हे तत्त्व आजही विशेष शिक्षकाच्या रोजच्या कामाचा पाया आहे.

या संस्थेतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने लेखन-वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा निरोगी मुले नेहमीच्या शाळेत एवढी मागे का राहतात, असा प्रश्न माँटेसरींना पडला. त्यातून १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले आणि तीच साधने सर्व मुलांसाठी वापरात आली. भारतात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही दृष्टी स्वीकारली आणि ताराबाईंनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे गरीब आदिवासी मुलांपर्यंत ती नेली. ज्या मुलांमुळे ही साधने घडली, त्यांना मात्र शाळेची दारे बहुधा बंदच राहिली. मुंबईत १९४४ साली सुरू झालेली जय वकील शाळा आणि पुण्यात १९६४ साली स्थापन झालेली कामायनी यांसारख्या संस्थांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला, तो प्रामुख्याने स्वयंसेवी बळावर.

शिक्षण हा अशा मुलांचा हक्क आहे, ही भूमिका कायद्यात उतरण्यास आणखी वेळ लागला. अमेरिकेने १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे त्या मुलाची सद्यःस्थिती, वर्षभराची उद्दिष्टे आणि त्यासाठी द्यायची मदत यांची लेखी नोंद, बंधनकारक केला. भारतात १९७४ साली एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली. १९९५ च्या कायद्याने अपंग मुलांच्या मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली आणि २०१६ च्या कायद्याने समावेशित शिक्षणाचा, म्हणजे अपंग आणि इतर मुलांनी एकत्र शिकण्याचा, पुरस्कार करताना गरजेनुसार वैयक्तिक साहाय्य देणेही आवश्यक ठरवले.

म्हणून लहान गट आणि वैयक्तिक मदत यांना शाळेने दाखवलेली कृपा समजणे इतिहासाला धरून नाही. अशा मुलांसोबत काम करतानाच बालशिक्षणाची कितीतरी साधने घडली. त्यांच्यासाठी पुरेसे प्रशिक्षित शिक्षक नेमणे आणि आराखडा कागदावर न ठेवता वर्गात राबवणे हे समाजाचे उपकार नव्हेत, ती जुन्या ऋणाची परतफेड आहे.