संक्रांत आणि उलटा ऋतु

इंद्रायणीकांठच्या चऱ्होलीस पौषांतली पहांट बोचरी असते. म्हणून भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हरभरा-पावटा-गाजरांची भाजी, आणि दुसऱ्या दिवशीं तिळगूळ. शेतांत पिकलें, तेंच ताटांत आलें. आणि त्या उष्ण अन्नानें थंडीही निवारली.

१८३४ पासून ऊंसाच्या मळ्यांसाठीं गिरमिटिये मजूर मॉरिशसला नेले जाऊं लागले. त्यांत मराठी कुटुंबेंही होतीं. चऱ्होली विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेअठरा अंशांवर, तर तें बेट दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर. तेथें संक्रांत ऐन उन्हाळ्यांत, वादळांच्या दिवसांत येते. आपला दिवस वाढत असतो, तेव्हां त्यांचा घटत असतो.

मग तिळाची ऊब तेथें कोणास हवी? आम्हांस वाटतें, येथेंच सणाचे दोन धागे सुटे दिसतात. भोगीच्या भाजीस ऋतु लागतो. तिळगुळास देणारा आणि घेणारा पुरे. भाजी बदलल्यानें सण बुडत नाहीं.

आज पिंपरी-चिंचवडच्या हद्दींत आलेल्या चऱ्होलीचीं शेतेंही इमारतींखालीं जात आहेत. शेताचा धागा आमच्याही हातून सुटत आहे. गोड बोलण्याचाही सुटला, तर भर थंडींत बाजरीची भाकरी खाऊनही आम्ही परदेशींच.