कप फुटतो, खुर्ची मोडते, दोरी तुटते : 'ब्रेक'चा अनुवाद इतका अवघड का?

बोईसरला लागून असलेल्या सरावलीत आणि आजूबाजूच्या तारापूर एमआयडीसीत एकाच शिफ्टमध्ये मराठी, हिंदी, गुजराती बोलणारे कामगार असतात. नोंदी मात्र बऱ्याचदा इंग्रजीत होतात. समजा, मराठी कामगार ओरडला, 'पाइप फुटला!' तर पाइपाला भगदाड पडून आतलं काहीतरी बाहेर येतंय, हे ऐकणाऱ्याला कळतं. 'पाइप तुटला' म्हटलं तर डोळ्यांसमोर दोन तुकडे येतात. शेजारचा हिंदी भाषक याच पहिल्या घटनेला 'पाइप फट गया' म्हणेल. नोंदवहीत तिन्हींचं 'पाइप ब्रोकन' झालं, की नेमकं काय घडलं हे पुन्हा विचारावं लागतं.

मराठी आधी वस्तू बघते

इंग्रजीत कप, काठी, दोरी या तिन्हींना 'ब्रेक' चालतं. मराठीत चालत नाही. ठिसूळ किंवा पोकळ वस्तू फुटते : काच, मडकं, अंडं, फुगा. ताणलेली, लांबट वस्तू तुटते : दोरी, तार, साखळी. कडक वस्तू वाकून किंवा भाराखाली मोडते : काठी, खुर्ची, हाड. कापड आणि कागद फाटतो. म्हणून मच्छीमाराचं जाळं फाटतं, पण नांगराचा दोर तुटतो.

हिंदी जवळची असली तरी तिच्या सीमा वेगळ्या आहेत. कप, लाकूड, रस्सी यांना तिथे 'टूटना' पुरतं. उलट फुगा 'फटता है', मराठीत तो फुटतो. हिंदीतलं 'बादल फटना' मराठीत 'ढगफुटी' होतं ते यामुळेच. हिंदी बातमी घाईत मराठीत आणताना 'ढग फाटला' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला आभाळ निरभ्र झाल्यासारखं वाटेल.

जगभरच्या भाषा हे कसं करतात, यावर २००७ साली 'कॉग्निटिव्ह लिंग्विस्टिक्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. कापणं, तोडणं, फाडणं दाखवणाऱ्या ६१ छोट्या चित्रफिती २८ भाषांच्या भाषकांना दाखवून 'काय झालं?' असं विचारण्यात आलं होतं. हिंदी आणि तमिळही त्यात होत्या. वस्तू नेमकी कुठे वेगळी होईल हे आधी सांगता येतं का, हा प्रश्न जवळपास सगळ्याच भाषांना महत्त्वाचा वाटतो, असं त्यात दिसलं. सुरीनं गाजर कापताना ते सांगता येतं, हातोडीनं ताट फोडताना नाही. सीमारेषा मात्र प्रत्येक भाषा आपापल्या जागी आखते.

रशियन मराठीच्या बरीच जवळ

रशियन-इंग्रजी अनुवादकांची हीच डोकेदुखी आहे. रशियनमध्ये काच फोडायला 'रझबित्', काठी मोडायला 'स्लमात्', दोरी तोडायला 'परवात्'. इथवर मराठीशी छान जुळतं. पण 'परवात्' शर्टालाही चालतं, तिथे मराठी 'फाडणे'कडे वळते. शिवाय काम पूर्ण झालं की चालू होतं, हे रशियन क्रियापदाच्या रूपातूनच सांगते, बहुतेकदा उपसर्ग लावून. मराठी त्यासाठी 'टाकणे' जोडते. 'पत्र फाडलं' आणि 'पत्र फाडून टाकलं' यांतला फरक इंग्रजीत एका क्रियापदात बसत नाही.

कोणी तोडलं?

खरी अडचण इथे आहे. मराठीत जोड्या आहेत : फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, पडणे-पाडणे. पहिल्यात कर्ता लागत नाही, दुसऱ्यात कोणीतरी करणारा असतो. 'मोडणे' तेवढं दोन्हीकडे तसंच राहतं. याखेरीज मधली एक वाट आहे : 'माझ्या हातून व्हॉल्व्ह तुटला.' हात लागला होता हे बोलणारा कबूल करतो, मुद्दाम केलं नाही हेही सांगतो. याचं इंग्रजी 'आय ब्रोक द व्हॉल्व्ह' झालं, तर मराठीत परतताना ते 'मी व्हॉल्व्ह तोडला' होईल. अपघातानंतरच्या जबाबात या दोन वाक्यांत कामगाराची नोकरी अडकू शकते. अशा जागी इंग्रजीत 'चुकून' या अर्थाचा शब्द घालावाच लागतो. अनुवादकानं पदरचं काही घातलं, असा आक्षेप कोणी घेतला तरी तो टिकणारा नाही. मूळ वाक्यात तो अर्थ आहेच.

मोडूनही न मोडणारं

या क्रियापदांनी नुकसान होतंच असं नाही. पाचशेची नोट मोडली तर सुटे मिळतात, एफडी मोडली तर रोख. ऊस आणि फुलं तोडतात. पालवी फुटते, वाचाही फुटते. पेपर फुटला तर कागद शाबूत असतो, आमदार फुटले तर आमदारही शाबूत असतात. नारळ फोडून तर कामाची सुरुवात होते. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून जे चाललंय त्याला पाठ्यपुस्तकं 'विखंडन' म्हणतात, बोलीत आपण 'अणू फोडणं' म्हणतो. अणूला 'तोडणं' सहसा कोणी म्हणत नाही.

सरकारी मराठीचा वेगळाच घोळ

बोलीत घर पाडतात. नोटिशीत मात्र 'अनधिकृत बांधकाम निष्कासित करण्यात येईल' असं असतं. हिंदीत 'निष्कासित' म्हणजे हाकलून दिलेला. त्यामुळे परप्रांतातून आलेल्या भाडेकरूला वाटू शकतं, फक्त घर रिकामं करायचंय, भिंती राहतील. जिल्हा परिषद शाळेच्या धोकादायक इमारतीचं 'निर्लेखन' होतं. त्याचा अर्थ ती मालमत्ता दप्तरातून कमी करणं, प्रत्यक्ष पाडकाम त्यानंतर. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतल्या 'मिस्चिफ'साठी मराठी अनुवादात 'आगळीक' हा शब्द होता. रोजच्या मराठीत आगळीक म्हणजे आगाऊपणा, त्या कायद्यात मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून केलेलं नुकसान. नोटिशीत यांपैकी कुठलाही शब्द दिसला तर 'म्हणजे पाडणार का, आणि कधी?' असं कार्यालयात थेट विचारून उत्तर लेखी घ्यावं.