मोजणी पूर्ण झाली, हे ठरवायचे कोणी? खानदेश, १८५२

सॉफ्टवेअर घडवणाऱ्या चमूंमध्ये आज एक शिस्त रूढ आहे. ‘काम झाले’ म्हणजे नेमके काय झाले, हे आधीच लिहून ठेवायचे. चाचणी झाली, दुसऱ्याने तपासले, नोंद झाली, तरच काम पूर्ण. मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याने अशीच व्याख्या १८४७ साली कागदावर आणली होती. पाच वर्षांनी खानदेशात तिची कसोटी लागली.

या व्याख्येमागे एक फसलेली मोजणी होती. १८२०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे भागातील जमिनी मोजविल्या. कागदोपत्री काम पार पडले, शेताशेतावर आकारणी बसली. प्रत्यक्षात मोजणी सदोष होती, हाताखालच्या कारकुनांत लाचखोरी माजली होती आणि आकार पेलवेना, म्हणून कित्येक कुणब्यांनी जमिनी टाकून दिल्या. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने आरंभ केला. त्या अनुभवातून १८४७चा संयुक्त अहवाल सिद्ध झाला. त्यावर या दोघांसह डेव्हिडसन यांचीही सही आहे.

हा अहवाल वाचताना त्यातील काटेकोरपणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब व तितकाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. हद्दीच्या खुणा पक्क्या करायच्या. मग शेताचे भाग पाडून प्रत्येक भागाची माती तपासायची. पावणेदोन हात खोल उत्तम काळी माती सोळा आणे, आणि तेथून खाली एकूण नऊ प्रती. चुनखडी, रेताडपणा, उतार, पाणी साचणे असे सात दोष ठरलेले होते. दोष आढळला की प्रत एका पायरीने उतरे. मोजणीदाराचे काम त्याच्याच शब्दावर मान्य होत नसे. वरिष्ठ काही शेते स्वतः पुन्हा मोजून पाहत. प्रिंगलच्या वेळी झालेली फसगत टाळण्याचा हा खरा उपाय होता. शेवटी दर जाहीर व्हायचे आणि ३० वर्षांसाठी आकार कायम राहायचा.

यात रयतेची संमती कोठे होती? अधिकाऱ्यांपाशी उत्तर तयार होते. आकार परवडत नसेल तर राजीनामा देऊन शेत सोडण्याची मुभा प्रत्येकाला होती. ज्याने शेत ठेवले, त्याने आकार मान्य केला. हा युक्तिवाद पडीक माळरानावर कदाचित चालेल. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या विहिरीच्या पाण्यावर मळा पोसला आहे, त्याला ‘सोडून दे’ म्हणणे ही संमती विचारण्याची रीत नव्हे.

तेव्हाचा खानदेश हा धुळ्याहून चालणारा एकच अवाढव्य जिल्हा होता. पूर्व व पश्चिम असे त्याचे दोन जिल्हे १९०६ साली झाले. १८५२च्या मार्चमध्ये विंगेटने या प्रदेशाच्या मोजणीची योजना सरकारला सादर केली. त्याच वर्षी सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांत, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, मोजणीविरुद्ध उठाव झाला. तापीकाठची ही जमीन सुपीक, तेव्हा मोजणीनंतर सारा वाढणार हे भय स्वाभाविक होते. हजारोंचा जमाव जमला आणि मोजणी बंद करण्याची मागणी झाली. सावद्याला आलेल्या अधिकाऱ्यांना माघार घ्यावी लागली. अखेर सरकारने फौज धाडली, पुढाऱ्यांना पकडले आणि साखळ्या पुन्हा शेतांत उतरल्या.

या उठावाला ‘अडाणी रयतेचा गैरसमज’ म्हणणे सोपे आहे. शेतकऱ्यांचा आक्षेप मात्र साखळीच्या लांबीवर नव्हता. मोजणी अचूक असली, तरी तिच्यावरून ठरणारा आकार किती असेल, हे त्यांच्या हाती नव्हते.

३० वर्षांची मुदतही कोठे तरी संपायचीच होती. ज्या इंदापुरात या पद्धतीचा पाया घातला गेला, तेथे १८६७ साली फेरआकारणी झाली आणि सारा एकदम चढला. आठ वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या पेटल्या. त्या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे या वाढीव साऱ्याचा प्रश्नही आला.

मोजणीत शेताची मापे ज्या कागदावर उतरवली जात, त्याला ‘टिपण’ म्हणतात. बांधाचा तंटा उभा राहिला की भूमिअभिलेख कार्यालयात आजही आधी टिपणच काढले जाते.