गाविलगडची वाट आणि टिकाशीवरचा बाण

गाविलगड पडला तो तोफांनी, असे सगळेच सांगतात. त्या तोफा डोंगरावर पोहोचल्या कशा, हे मात्र फार थोडे जण विचारतात. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि त्यांच्या फौजेतल्या अनेकांनी मेळघाटातल्या या किल्ल्याचा आश्रय घेतला. मागोमाग इंग्रज फौजेचे आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन अचलपूरला आले. किल्ल्याची भिंत फोडता येईल अशी बाजू उत्तरेला, लबाडा गावाकडे होती. तिकडे तोफगाडा जाईल असा रस्ताच नव्हता.

तेव्हा रस्ता खोदावा लागला. अचलपूरपासून सुमारे ३० मैल, नाले आणि डोंगरकडे ओलांडत, सैनिकांनी आधी वाट तयार केली आणि त्या वाटेने जड तोफा हातांनी ओढून नेल्या. ७ डिसेंबरला निघालेली स्टीव्हन्सनची फौज १२ तारखेला लबाड्याजवळ मोर्चे बांधू लागली. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि १७ तारखेला देवगावचा तह झाला. आतल्या तटाला शिडी लावून चढणाऱ्या कॅप्टन कॅम्पबेलचे नाव इतिहासात राहिले. वाट खोदणाऱ्यांपैकी एकाचेही नाव लोकांच्या तोंडी नाही. हा अन्याय आहे, कारण त्या दिवसांत मोहिमेचे सगळे भवितव्य टिकास, फावडे आणि सब्बल यांच्यावर अवलंबून होते.

ही हत्यारे कुणाची, हे ओळखायची रीत लोखंडावरच असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मालावर हृदयाच्या आकाराचा छाप असे, त्यात कंपनीची आद्याक्षरे आणि वर चारचा आकडा. बंदुकीच्या चापाच्या पट्टीवर तो साधारण १८०८ पर्यंत दिसतो, पुढे त्याची जागा मागच्या पायांवर उभ्या सिंहाने घेतली. इंग्लंडच्या राजाच्या मालाची खूण याहून कितीतरी जुनी होती: तीन रेघांचा, टोक वर असलेला बाण. १६९८ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला, की असा छाप असलेला सरकारी माल खासगी माणसाकडे विनापरवाना सापडला तर तो गुन्हा. १८५८ नंतर हिंदुस्थानचा कारभार राणीकडे गेला आणि इथल्या लष्करी मालावर बाणाबरोबर इंग्रजी आय हे अक्षर येऊ लागले. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर तर के आणि एफ या दोन अक्षरांच्या मधोमध बाण बसलेला असतो.

अमरावतीजवळच्या बडनेऱ्यासारख्या गावात ही ओळख नीट करून घ्यायला हवी, कारण इथले जुने लोखंड बहुधा रेल्वेचे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळहून निघालेली लाईन बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. रुळांखालची खडी ठोकणाऱ्या गँगलाही टिकास, फावडे आणि घमेलेच लागे, आणि ही कंपनी आपल्या सामानावर जी.आय.पी.आर. अशी अक्षरे उमटवत असे. तेव्हा एखाद्या जुन्या टिकाशीवर ही अक्षरे दिसली तर ती लाईनवरची. बाण दिसला तर फौजेची. एकमेकांना टोक भिडवलेले दोन बाण असले, तर ती वस्तू लष्कराने रीतसर विकून टाकलेली आहे, चोरीची नाही.

खोदणे हे महाराष्ट्रातल्या शिपायांचे जुने काम. १८२० मध्ये उभ्या राहिलेल्या बॉम्बे सॅपर्सचे ठाणे आजही खडकीला आहे. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या न्यू शापेल गावावर ४७ व्या शीख पलटणीसोबत हल्ला चढवला. सुरुंग आणि खंदक हेच ज्यांचे खरे काम, त्यांना तिथे पायदळ म्हणून घरोघर लढावे लागले आणि त्यांची भयंकर हानी झाली. पायोनियर पलटणींचे शिपाई तर बंदुकीबरोबर खोदायचे हत्यारही अंगावर वागवत. १९३३ मध्ये या पलटणी मोडल्या.

साध्या पायदळाला १९०८ च्या नमुन्याचे एक छोटे हत्यार मिळत असे. त्याच्या पात्याला एका बाजूला फावड्याची रुंद धार आणि दुसऱ्या बाजूला टिकाशीचे टोक असे. लाकडी दांडा वेगळा, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला. दुसऱ्या महायुद्धात याच दांड्याच्या टोकाला लोखंडी खुंटी बसवली गेली. तिच्यावर टोकदार संगीन चढवून शिपाई जमिनीत पुरलेले सुरुंग चाचपून शोधत. अशा पात्यावर बहुधा कारखान्याचे नाव किंवा आद्याक्षरे, सालाचे दोन किंवा चार आकडे आणि बाण मिळतो. साल आणि खूण जुळली, की ते लोखंड कोणत्या काळातले हे कळते.

हा बाण गेलेला नाही. मुंबई-नागपूर मार्गावर बडनेऱ्याच्या पूर्वेला पुलगावचे लष्करी दारूगोळा भांडार आहे. तिथे ये-जा करणाऱ्या लष्करी गाड्यांच्या क्रमांकाच्या पाटीवर सुरुवातीलाच तो वर टोक करून उभा दिसतो.

वाड्याच्या पडवीत किंवा भंगाराच्या ढिगात असे पाते हाती लागले, तर त्यावर ग्राइंडर चालवू नये. रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश पुरतो. गंज सुटला की पात्यावर खडू घासावा आणि वरचा थर फडक्याने पुसावा. खोलगट अक्षरांत पांढरे राहते आणि कारखाना, साल, बाण सगळे वाचता येते. ते वाचून, फोटो काढून, पाते कुठे सापडले याची नोंद त्याच्यासोबत ठेवावी.