मोठ्या प्रयोगशाळांचे कारभारी



घारापुरीची लेणी पाहायला आपण सर्वजण केव्हा ना केव्हा गेलाच असाल. लाँचमधून उत्तरेकडे नजर टाकली की ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा घुमट दिसतो. बरोबरची मुले विचारतात, 'ते काय आहे?' वडील मंडळी सांगतात, 'अणुभट्टी.' मुलांचे समाधान होते आणि लाँच पुढे जाते. ती भट्टी चालवतो कोण, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर 'शास्त्रज्ञ' असे उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्या उत्तराविषयी आज मला बोलायचे आहे.

आधी एक कबुली देतो. मी शास्त्रज्ञ नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पुढचे शिक्षण तळोजे-रसायनीच्या कारखान्यांच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तीस वर्षे कामगारांची गाऱ्हाणी घेऊन साहेबांच्या खोल्यांत गेलो. त्यामुळे कारभारी कसा असतो आणि कसा नसावा, एवढे मात्र जवळून पाहिले आहे.

पहिला दाखला आपल्याच जिल्ह्यातला देतो. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा होती. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे तेथे १८४१ पासून चालू होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून जमिनीत पसरणाऱ्या विजेने वेधशाळेची नाजूक उपकरणे बिघडणार, हे उघड होते. वेधशाळेचे प्रमुख तेव्हा नानाभाई मूस होते. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. शहराची ट्राम थांबवणे शक्य नव्हते, आणि योग्यही नव्हते. तेव्हा वेधशाळाच समुद्रापलीकडे अलिबागला हलवायचे ठरले. उपकरणांच्या इमारतीत लोहचुंबकाला ओढ लावील असे काही येऊ नये म्हणून दगडापासून सारे सामान पारखून घेतले. परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच. अलिबागचे काम १९०४ साली सुरू झाले, तरी कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडची मोजमापे एकाच वेळी चालू ठेवली, म्हणजे दोहोंचा मेळ घालता यावा आणि साठ-पासष्ट वर्षांची नोंद तुटू नये. ट्राम १९०७ साली धावली. मग ती बंदही पडली. अलिबागची नोंदवही मात्र चालू राहिली.

कारभार म्हणतात तो याला. जागा, दगड, पैसा, सरकारशी पत्रव्यवहार हे सर्व त्यात आले; पण काय तुटू देऊन चालणार नाही, हे ओळखणे त्याच्या मुळाशी आहे. कोर्टकचेरीत अधिकारी तीन वर्षांनी बदलून गेला तर नवा येऊन फायली वाचतो. प्रयोगशाळेचे काम वीस-तीस वर्षांचे असते. त्यातले पुष्कळसे ज्ञान फायलीत नसते. ते माणसांच्या हातांत आणि कानांत असते.

मूस यांची वेधशाळा लहान होती. एक जाणता माणूस तिला पुरेसा होता. अणुभट्टीला तसे एक माणूस पुरत नाही. तेथे जाणत्यांची पिढी उभी करावी लागते. होमी भाभांनी हे फार लवकर ओळखले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला संशोधनसंस्थेसाठी पत्र लिहिले. अणुशक्तीचा वापर सुरू होईल तेव्हा हिंदुस्थानला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ते घरातच तयार असावेत, असा त्या पत्राचा आशय होता. अणुबाँब जगाने अजून पाहिलाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली आणि १९५४ साली ट्रॉम्बेचे केंद्र. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही पहिली भट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनमधून आले होते. बाकीची उभारणी आपल्या माणसांनी दीड वर्षाच्या आत केली होती.

एक भट्टी चालू झाली म्हणून भाभा थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५७ मध्ये, ट्रॉम्बेला प्रशिक्षण विद्यालय निघाले. त्याच्या उभारणीत राजा रामण्णा यांचा मोठा वाटा होता. विज्ञानाचे आणि इंजिनियरिंगचे ताजे पदवीधर घ्यायचे, त्यांना वर्षभर शिकवायचे आणि मग कामावर लावायचे, अशी योजना होती. इंजिनियराला अणूचे शास्त्र शिकावे लागे आणि शास्त्राच्या पदवीधराला यंत्राशी ओळख करून घ्यावी लागे. पुढे ज्यांना एकत्र काम करायचे, त्यांना एकमेकांची भाषा आधीच यावी, हा त्यातला खरा लाभ. त्याच सुमारास कॅनडाच्या मदतीने 'सायरस' उभी राहत होती. ती जुलै १९६० मध्ये चालू झाली.

या विद्यालयाचे फळ पाहायचे तर अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांची यादी पाहावी. २००० सालापासून २०१८ पर्यंत एकामागून एक चार अध्यक्ष झाले: अनिल काकोडकर, श्रीकुमार बॅनर्जी, रतनकुमार सिन्हा आणि शेखर बसू. चौघेही याच विद्यालयातून बाहेर पडलेले. काकोडकर तर आपले मराठी माणूस. रुपारेल कॉलेजात आणि मग व्ही. जे. टी. आय.मध्ये शिकून ते १९६३ साली विद्यालयात दाखल झाले. सदतीस वर्षांनी ते सर्वोच्च खुर्चीवर बसले, ते एकेक पायरी चढून.

जानेवारी १९६६ मध्ये मुंबईत जगभरच्या वैज्ञानिक संघटनांची परिषद भरली होती. तीपुढे भाभांनी जे भाषण केले, ते प्रत्येक मंत्र्याने आणि कारखानदाराने वाचावे असे आहे. त्याचा मथितार्थ असा: कायदा-सुव्यवस्था राखण्याला एक प्रकारचा कारभार लागतो, उद्योग चालवण्याला दुसरा, आणि विज्ञान वाढवण्याला तिसराच. शास्त्रज्ञांच्या टंचाईपेक्षाही अशा योग्य कारभाराची टंचाई हा आपल्या वाटेतला मोठा अडसर आहे. कारण जे शास्त्रज्ञ आहेत, त्यांचीही शक्ती त्यापायी वाया जाते. त्याच महिन्यात, २४ तारखेला, आल्प्समधील माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले.

मालक गेला की दुकान बसते, हा आपला नेहमीचा अनुभव. ट्रॉम्बे बसले नाही. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर कॅनडाने हात आखडता घेतला, तरी शंभर मेगावॅटची 'ध्रुव' भट्टी आपल्या माणसांनीच रचली. ऑगस्ट १९८५ मध्ये ती चालू झाली आणि लगेच दुखणे निघाले. पाण्याच्या जोरदार प्रवाहात इंधनाच्या कांड्या थरथरू लागल्या. अशा वेळी कारभाऱ्याची परीक्षा असते. वरून विचारणा होत असते, वर्तमानपत्रांत उद्घाटन छापून आलेले असते. तरीही भट्टी कमी शक्तीवर ठेवून कारण शोधले, कांड्यांची रचना सुधारली आणि १९८८ साली ती पूर्ण शक्तीवर नेली. 'आज नाही, दुरुस्तीनंतर' असे म्हणण्याची ताकद हुकमाने येत नाही. ज्याने स्वतः यंत्राजवळ उभे राहून काम केले आहे, त्यालाच ती येते.

हे मी ठामपणे म्हणतो त्याला कारण आहे. आमच्या रासायनिक कारखान्यातही 'रिअ‍ॅक्टर' असतो. तो अणूचा नव्हे, रसायने शिजवण्याचा. मी पंचविशीत असताना एका कारखान्यात रातपाळीला होतो. नाव सांगत नाही. थंड पाण्याच्या पंपाचा आवाज बदलला. आमचे जुने ऑपरेटर काका कान लावून म्हणाले, 'बेअरिंग चाललंय, बंद करा.' बाहेरून नवेच आलेले साहेब म्हणाले, 'बॅच पूर्ण होऊ दे.' तासाभरात पंप अडकला, भांडे तापले, आणि बाजूला उभ्या असलेल्या हेल्परचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशी झाली. ठपका आला तो काकांवर: त्यांनी लेखी कळवले नव्हते! साहेब दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांना ताळेबंद शिकवला होता, पंप ऐकायला कोणी शिकवले नव्हते. आणि काकांचे बोलणे ऐकून घेणे हा आपल्या कामाचा भाग आहे, हेही कोणी शिकवले नव्हते.

म्हणून मला जिनिव्हाचे एक उदाहरण फार प्रिय आहे. युरोपातील राष्ट्रांनी मिळून १९५४ साली तेथे 'सर्न' ही अणुगर्भाच्या संशोधनाची प्रचंड संस्था काढली. तिचे पहिले महासंचालक फेलिक्स ब्लॉख हे नोबेल पारितोषिक मिळवलेले थोर शास्त्रज्ञ. पण कारभारात त्यांचे मन रमले नाही आणि वर्षभरात ते आपल्या संशोधनाकडे परतले. तेथले मोठे कणत्वरक यंत्र उभे केले ते जॉन अ‍ॅडम्स या इंग्रज इंजिनियराने. या गृहस्थाला विद्यापीठाची पदवी नव्हती! नोकरी करता करता तंत्रशाळेत शिकून तो वर आला होता. नोव्हेंबर १९५९ मध्ये ते यंत्र चालू झाले. १९६० साली तेव्हाचे महासंचालक बाकर विमान अपघातात गेले, तेव्हा संस्थेची सूत्रे याच अ‍ॅडम्सच्या हाती दिली गेली.

हाच अ‍ॅडम्स आपल्या पनवेलात जन्मला असता तर? आय. टी. आय.चे प्रमाणपत्र घेऊन तो कुठल्याशा फाटकाशी उभा राहिला असता. आज बहुधा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असता, आणि दर अकरा महिन्यांनी नव्याने लागला असता. ट्रॉम्बेच्या विद्यालयाचा गौरव मी मनापासून केला. पण ते विद्यालय पदवीधरांचे आहे. फिटर, वेल्डर, ऑपरेटर यांच्या शिक्षणाची सोय निराळी असते, आणि त्या दोन जिन्यांना जोडणारा दरवाजा आपल्या देशात फार अरुंद आहे. ज्याच्या हातात ज्ञान आहे त्याला दर वर्षी बदलायचे, म्हणजे अलिबागची नोंदवही दर वर्षी फाडायची. कामगाराच्या पोटाचा प्रश्न त्यात आहेच, पण संस्थेच्या आयुष्याचाही आहे.

हा प्रश्न आता आपल्या दाराशी आहे. आपल्या खारघरला कर्करोगाच्या संशोधनाचे आणि उपचाराचे मोठे केंद्र उभे आहे. तिकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वलहरी टिपणाऱ्या 'लायगो' वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि जवळच्या रस्त्यावरून गाडी गेली तरी जाणवेल अशी नाजूक उपकरणे! तेथे शास्त्रज्ञ लागतील, ते मिळतील. पण खरेदी समजणारा, मार्चअखेरच्या हिशेबात प्रयोगाचा बळी न देणारा, निर्वातपंपाजवळच्या पोराचे ऐकून 'थांबा' म्हणणारा कारभारी आयत्या वेळी जाहिरात देऊन मिळणार नाही. त्याला आजपासून दहा वर्षे घडवावे लागेल.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. अशा प्रत्येक संस्थेत भावी कारभाऱ्याला पहिले वर्ष पाळीवर काढायला लावावे. जुना जाण्यापूर्वी नवा त्याच्या शेजारी पुरेसा काळ बसावा, मूस यांनी दोन वेधशाळा शेजारी चालवल्या तसा. आणि कामगारांतून वर येणाऱ्यासाठी तो अरुंद दरवाजा रुंद करावा. आमच्या काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्यापाशी एक वही होती. कोणता पंप कसा वाजतो ते त्यांनी तीत आपल्या भाषेत लिहून ठेवले होते. ती वही त्यांच्याकडे कारखान्याने कधी मागितली नाही.