कात, हिरडा, जांभा आणि सुपारीची विरी : गावच्या साहित्यातून टिकाऊ चित्र कसे करावे? रंग, खळ, कायदा आणि खबरदारीची सविस्तर माहिती

अलोरे (ता. चिपळूण) : बाजारात हल्ली ‘नैसर्गिक रंगातले चित्र’ म्हटले की चार पैसे जास्त मिळतात. शहरातले लोक भिंतीवर लावायला असे काम शोधत असतात. कोकणात लागणारा बहुतेक माल परसात, बागेत नाहीतर डोंगरात पडलेलाच असतो. अडचण वेगळीच आहे. हळद, बीट, जास्वंद असे रंग वापरून केलेले चित्र वर्षभरात फिके पडते, पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते आणि गिऱ्हाईक परत येत नाही. कुठला रंग टिकतो, कुठला उडतो, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे माहीत असले तर ही फसगत टळते.

अलोरे हे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे गाव. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे त्याचे नाव जिल्ह्याला माहीत आहे. आजूबाजूला पोफळी, कोळकेवाडी, शिरगाव. या पट्ट्यात जांभा दगड, ऐन, खैर, हिरडा, फणस, काजू, बांबू, नारळ-सुपारी हे सगळे जवळपास मिळते. खालची माहिती अशाच कुठल्याही गावाला लागू पडेल.

ही कला नवीन नाही

वेगवेगळ्या वस्तू एकत्र करून, झाडामातीच्या रंगांनी काम करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे.

पालघर जिल्ह्यातले वारली चित्र बघा. शेणामातीने किंवा गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्यावर ते उभे राहते. पूर्वी लग्नाचा चौक सवाष्णी काढायच्या. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी हे चित्र कागदावर आणि जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली. कागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवायचे आणि एकेक चित्र दाखवत कथा गायची. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली.

सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. पारंपरिक रीतीत कापडाला चिंचोक्याची खळ लावून थर देतात, वर खडूची भुकटी चढवून घोटतात, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. कापड, खळ, माती, रंग, लाख असे पाच प्रकारचे साहित्य एका पत्त्यात. आज शहरात ज्याला ‘मिक्स मीडिया’ म्हणतात ते याहून वेगळे काही नाही.

हे रंग मागे पडायचे कारणही माहीत असावे. १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किनने पहिला गाजलेला कृत्रिम रंग केला. १८९७ पासून जर्मनीची कारखान्यात बनलेली नीळ बाजारात आली. स्वस्त, एकसारखी आणि कमी कष्टाची. गावोगावची रंगाची भांडी त्यानंतर हळूहळू थंड झाली.

कुठला रंग कशापासून

• तपकिरी – कात : चिपळूण तालुक्यातले सावर्डे कातासाठी प्रसिद्ध आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून, ते पाणी आटवून कात करतात. पानात कात आणि चुना एकत्र आला की तोंड लाल होते, तेच रंगकामात होते. नुसता कात तपकिरी, चुन्याची निवळी लागली की तांबूस, लोखंडाचे पाणी लागले की काळपट. हा टिकाऊ रंगांपैकी एक.

• लाल व पिवळसर – जांभा आणि गेरू : जांभ्याचा रंग त्यातल्या लोहामुळे येतो. मातीचा रंग उन्हाने उडत नाही. अजिंठ्याची चित्रे आजही दिसतात त्याचे मोठे कारण तिथले बहुतेक रंग माती-दगडाचे आहेत.

• काळा – हिरडा व लोखंड : हिरड्याच्या तुरट पाण्यात लोखंडाचे पाणी पडले की काळा रंग होतो. दुसरा सोपा काळा म्हणजे दिव्यावर धरलेले काजळ.

• पिवळा – फणस : फणसाच्या गाभ्याचे लाकूड पिवळे असते. सुताराकडचा भुसा मागून आणला तरी काम होते. भुसा रात्रभर भिजवून सकाळी तासभर उकळावा. डाळिंबाची सालही पिवळा देते.

• केशरी – शेंद्री, पळस, पारिजातक : शेंद्रीच्या बिया, शिमग्याच्या सुमारास फुलणारा पळस आणि पारिजातकाचे केशरी देठ. रंग सुरेख, पण उन्हात टिकत नाहीत.

• पांढरा – तांदूळ, चुना, शिंपले : तांदूळ भिजवून पाट्यावर बारीक वाटावा. शिंपले भाजून, कुटून वस्त्रगाळ करावे.

• निळा – नीळ : नीळ झाडाची मिळते, ती विकत आणावी लागते. कपड्याला घालायची बाजारी नीळ वेगळी, तिला नैसर्गिक म्हणू नये. फणसाच्या पिवळ्यावर झाडाची नीळ चढवली की हिरवा होतो. नुसत्या पानांचा हिरवा काही दिवसांत मळकट होतो.

उडणारे रंग ओळखून ठेवा

हळद, बीट, जास्वंद, जांभूळ, कोकम यांचे रंग पहिल्या दिवशी झकास दिसतात. हळद उन्हात भराभर उडते. कोकमाच्या लालात खाण्याचा सोडा पडला की रंग पालटतो. म्हणजे साबण, चुना, राख यांचा हात लागला तरी चित्र बिघडणार. हे रंग पोरांना शाळेत गंमत दाखवायला चांगले, रंगपंचमीला चांगले, विकायच्या चित्राला नाहीत.

खात्री करायची तर साधी परीक्षा आहे. रंग लावलेली पट्टी घ्यावी, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकावी आणि पंधरा दिवस कडक उन्हात ठेवावी. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही भागांत फरक दिसला तर तो रंग विक्रीच्या कामात घेऊ नये. प्रत्येक रंगाची पट्टी तारखेसह वहीत चिकटवून ठेवली तर गिऱ्हाईकालाही दाखवता येते.

कृती : माती, लोखंड, कापड

जांभ्याचा रंग : मऊ, लाल तुकडे कुटून चाळावेत. भुकटी बादलीभर पाण्यात ढवळून मिनिटभर थांबावे. जड खडे तळाला बसतात. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी वरचे निवळलेले पाणी काढून तळाचा साका सावलीत वाळवावा. असे दोन-तीनदा केले की रंग पिठासारखा होतो.

डिंक : बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग. रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावे. हे थोडे थोडे रंगात घोटत जावे. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडे जातात. आधी फळकुटावर लावून बघावे.

लोखंडाचे पाणी : पाव किलो गंजके खिळे किंवा भंगार, १०० ग्रॅम गूळ, तीन लिटर पाणी. मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात दोन-तीन आठवडे ठेवावे. आंबताना वायू होतो, म्हणून झाकण घट्ट लावू नये, फडके बांधावे. मग गाळून घ्यावे. हे पाणी जास्त वापरले तर कापड कालांतराने कुजते, तेव्हा हात राखून.

कापड : सुती कापडाला रंग आपोआप धरत नाही. आधी ते सोड्याच्या पाण्यात उकळून खळ काढावी. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला साधारण २० ग्रॅम हिरडा पूड घेऊन त्या पाण्यात रात्रभर भिजवावे, पिळून सावलीत वाळवावे. मग १५ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात तासभर ठेवावे. त्यानंतर रंगाच्या पाण्यात मंद आचेवर पाऊण-एक तास. भांड्यातच थंड होऊ दिले तर रंग आणखी मुरतो. पाण्यात क्षार जास्त असतील तर रंग बदलतो, म्हणून विहिरीच्या आणि पागोळीच्या पाण्याचे नमुने वेगळे करून बघावेत.

चित्राचा पाया आणि वरचे साहित्य

बांबूची तट्टी हा चांगला पाया. तिच्यावर जुने सुती कापड चिंचोक्याच्या खळीने चिकटवावे. चिंचोके भाजून साल काढावी, भिजवून वाटावेत, पाण्यात शिजवावेत, की खळ तयार. वर लाल माती आणि डिंकाचे पातळ दोन-तीन हात द्यावेत. एकदम जाड थर दिला तर भेगा पडतात.

सुपारीची गळलेली विरी भिजवून, वजनाखाली दाबून वाळवली की चामड्यासारखा सपाट तुकडा मिळतो. त्यावर थेट चित्रही काढता येते. नारळाच्या सोडणाचा काथ्या केस, गवत, घराचे छप्पर दाखवायला. करवंटीचे तुकडे, माडाचे हीर, भाताचा पेंढा, तूस, नदीची वाळू, वाळलेली पाने, सगळे चालते. नियम एकच, वस्तू पूर्ण वाळलेली हवी. ओल राहिली की आतून कुजते.

बांबूला भुंगा लागतो. पावसाळा संपल्यावर तोडलेला, जून बांबू घ्यावा आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातले पिठूळ द्रव्य निघून गेले की भुंग्याला खायला काही उरत नाही.

पावसाळा हाच खरा परीक्षक

खळ, पेज, डिंक, शेण ही बुरशीची आवडती खाणी. म्हणून काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्यापर्यंत उरकावे. खळीत शिजवताना थोडे मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, पण ते विषारी आहे. पोरांच्या हातातल्या, घरात लागणाऱ्या कामात ते टाळावे. चित्र भिंतीला थेट टेकवू नये, मागे बोटभर जागा सोडावी. जून ते सप्टेंबर चित्रे पोटमाळ्यावर, चुलीची ऊब लागते तिथे, सुती कापडात गुंडाळून ठेवावीत. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधले तर आत घाम धरतो आणि माल वाया जातो.

झाड तोडण्याआधी कायदा

महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत खैर, ऐन, हिरडा, फणस, जांभूळ, किंजळ, साग ही झाडे आहेत. ती आपल्या मालकीच्या जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. रंगासाठी झाड तोडायची गरजही नाही. काताचा खडा दुकानात मिळतो, हिरडे झाडाखाली पडतात, फणसाचा भुसा सुताराकडे असतो. साल हवी असेल तर तोडलेल्या फांदीची किंवा लाकूडतोडीत उरलेली घ्यावी. उभ्या झाडाची साल खोडाभोवती गोल काढली की झाड मरते. पाच-दहा बायांच्या गटाने एकाच डोंगरातली झाडे सोलायला घेतली तर दोन हंगामांत रंगही संपेल आणि झाडेही.

खबरदारी

• बिबा आणि काजूच्या टरफलाचे तेल कातडीला लागले तर फोड येतात. पोरांना हात लावू देऊ नये.
• रंगाची भांडी, पळ्या, गाळणी वेगळी ठेवावीत. ती स्वयंपाकात परत वापरू नयेत.
• ‘नैसर्गिक रंगाला पक्का करणारे’ म्हणून क्रोमची पूड सुचवली जाते. ती घातक आहे, घेऊ नये. तुरटी, हिरडा आणि थोडे लोखंड पुरते.
• रंगाचे उरलेले पाणी विहिरीजवळ, पऱ्ह्यात किंवा वाशिष्ठीत ओतू नये. पाणी घालून पातळ करावे आणि विहिरीपासून लांब जमिनीत मुरवावे.
• भुकटी कुटताना, चाळताना नाकाला फडके बांधावे.

गणपतीच्या कामात उपयोग

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत मातीच्या मूर्ती आणि नैसर्गिक रंगांवर भर आहे. शाडूच्या मूर्तीला गेरू, जांभ्याची माती, पिवळी माती, काजळ आणि तांदळाचा किंवा शंखाचा पांढरा चालतो. मूर्ती विसर्जन होणार असल्याने हळदीचा पिवळाही तिथे चालून जातो. गणपतीची शाळा चालवणाऱ्यांनी रंग उन्हाळ्यातच कुटून, वाळवून डब्यात भरले तर आयत्या वेळी धावपळ होत नाही.

विकताना काय लिहावे, किंमत कशी लावावी

चित्रामागे चिठ्ठी लावावी. कुठले रंग, कुठले साहित्य, कुठल्या महिन्यात केले, उन्हात टांगू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. एखादा रंग बाजारचा वापरला असेल तर तोही लिहावा. एका गटाने डबीतला रंग ‘झाडाचा’ म्हणून विकला की त्या अख्ख्या गावचा माल संशयात येतो.

किंमत लावताना नुसते साहित्य धरले तर नुकसान होते, कारण साहित्य जवळपास फुकट असते. कुटणे, गाळणे, वाळवणे, चिकटवणे यांचे तास वहीत मांडावेत आणि गावातल्या मजुरीच्या दराने गुणावेत. त्यात फ्रेम, प्रवास, वाया गेलेला माल आणि विकणाऱ्याचे कमिशन मिळवावे. त्याखाली विकण्यापेक्षा शेतावर मजुरीला गेलेले परवडते.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्या हंगामात चारच रंग घ्यावेत : जांभ्याचा लाल, काताचा तपकिरी, काजळाचा काळा आणि तांदळाचा पांढरा. छोटी पाच-सहा चित्रे करावीत, विकू नयेत. एक पावसाळा घरात ठेवावीत. श्रावण-भाद्रपदात ज्यांना बुरशी धरली नाही आणि ज्यांचा रंग हलला नाही, तीच पद्धत पुढच्या दिवाळीनंतर विक्रीच्या कामाला वापरावी.